किल्लीचाही वारस हवा

पनवेलनजीकच्या कोन येथील २,४१७ घरांची गिरणी कामगारांसाठीची सोडत ‘म्हाडा’ने डिसेंबर २०१६ मध्ये काढली. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीत नोकरीस असलेला कामगार, अथवा त्याच्या पश्चात त्याचा वारस, हा अशा घराचा हक्कदार. संपाच्या त्या वर्षापासूनचा हा हक्क सिद्ध व्हायचा तो कागदांवर : गिरणीचे ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, वारसाचे प्रतिज्ञापत्र. हे कागद ज्या पत्र्याच्या ट्रंकेत राहत, तिला निदान कुलूप तरी असे. आज त्यांच्याच प्रती दुकानदाराच्या संगणकात आणि नातवाच्या पेनड्राइव्हमध्ये उघड्या पडलेल्या असतात. शाळेच्या लिपिकाजवळच्या पेनड्राइव्हमध्ये तर शेकडो मुलांचे जातीचे दाखले व बँक खात्यांचे क्रमांक असतात.

संगणक सुरू करताना परवलीचा शब्द द्यावा लागतो, एवढ्यावर आपण निर्धास्त राहतो. वस्तुतः ती दाराची नुसती कडी होय. आतील माहिती कूटबद्ध नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडताच सर्व काही वाचता येते.

यावर उपाय आहे तो कूटबद्ध आभासी डिस्कचा. २०१३ पासून उपलब्ध असलेले ‘व्हेराक्रिप्ट’ हे विनामूल्य साधन संगणकात एक मोठी फाइल निर्माण करते. परवलीचा शब्द दिला की तीच फाइल स्वतंत्र डिस्कप्रमाणे उघडते. कागद तिच्यात ठेवावेत आणि काम संपताच ती मिटावी. मिटल्यावर तिच्यात निरर्थक अक्षरांच्या राशीखेरीज काही आढळत नाही. ती उघडी असताना मात्र संगणकात शिरलेल्या चोरालाही तितकीच खुली असते. कागद आत ठेवून त्यांची मूळ प्रत बाहेर तशीच राहू देणारे महाभागही आहेत! २५६ बिटांची किल्ली फोडण्याच्या भानगडीत चोर पडत नाही. तो परवलीचा शब्द ओळखू पाहतो. तेव्हा नातवाचे नाव व जन्मसाल योजणाऱ्याने हा खटाटोप करूच नये.

खरी अडचण याच्या पुढची आहे. ट्रंकेची किल्ली हरवली तर लोहार कुलूप तोडून देतो. येथे शब्द विसरला, तर साधन बनविणाराही हतबल असतो. मागचे दार नाही, म्हणून तर या कुलपावर भरवसा. पण घरातील कर्ता पुरुष तो शब्द मनातच घेऊन निवर्तला, तर दाखला आत आणि वारस बाहेर, अशी गत व्हायची. परवलीचा शब्द कधीही लिहून ठेवू नये, हा सरसकट दिला जाणारा उपदेश म्हणूनच मला पटत नाही. तो कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून, घरातील दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हाती द्यावा. शाळेत ते मुख्याध्यापकांच्या कपाटात असावे. त्या फाइलची एक प्रत अन्यत्रही ठेवावी. आणि गिरणीचे मूळ ओळखपत्र आहे तेथेच, ट्रंकेत, राहू द्यावे.