विश्लेषण : ऑनलाइन चर्चेत सर्वांत वर कोणाचे म्हणणे दिसते? हा क्रम ठरतो कसा?

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. ट्विटरवर ‘ऑक्सिजन बेड पुणे’ असे शोधले, की सर्वांत वर यायचे ते भरपूर रिट्विट झालेले संदेश. त्यातल्या नंबरवर फोन लावावा तर तो लागायचा नाही, किंवा ‘तो बेड परवाच भरला’ असे उत्तर मिळायचे. तासाभरापूर्वी कोणीतरी खात्री करून टाकलेला, जेमतेम दोन लाइक मिळालेला संदेश मात्र खाली कुठे तरी दडलेला असायचा. वरचा संदेश खोटा नव्हता. तो लिहिला तेव्हा खराच होता. चूक होती ती क्रमाची.

रेडिट, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप किंवा मराठी संकेतस्थळे, कुठेही चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न हाच असतो : कोणते म्हणणे वर आणि कोणते खाली? बहुतेक लोक पहिली चार-पाच उत्तरे वाचून पुढे जातात. त्यामुळे हा निव्वळ मांडणीचा प्रश्न राहत नाही.

वेळेनुसार लावले तर काय बिघडते?

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे आले तसे लावत जाणे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असाच चालतो. आठ-दहा जणांच्या गप्पांना हे छान. पण दोनशे सदस्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘टँकर किती वाजता येणार?’ या प्रश्नाचे उत्तर चाळीस ‘गुड मॉर्निंग’खाली गाडले जाते आणि तोच प्रश्न तासाभराने पुन्हा विचारला जातो.

जुन्या चर्चामंडळांनी यावर काढलेला तोडगा मराठी वाचकांना चांगला ठाऊक आहे. १९९६ पासून सुरू असलेली ‘मायबोली’ असो की ‘मिसळपाव’, नवा प्रतिसाद आला की धागा यादीत वर येतो. ‘धागा वर काढतोय’ एवढेच लिहिलेला प्रतिसाद न पाहिलेला जुना सदस्य विरळाच. यात चांगली, जुनी चर्चा पुन्हा जिवंत होते हा फायदा. तोटा असा, की ज्या धाग्यावर भांडण जुंपले आहे तोच दिवसभर वर राहतो, कारण भांडणात प्रतिसाद भराभर पडतात.

मते मोजून क्रम लावणे योग्य नाही का?

इथे गणित गमतीदार होते. समजा एका प्रश्नावर तीन उत्तरे आली. पहिल्याला ६० जणांनी पसंती दिली, ४० जणांनी नापसंती. दुसऱ्याला ९ पसंती, १ नापसंती. तिसरे आत्ताच आले असून त्याला एकच मत मिळाले आहे, तेही पसंतीचे.

पसंतीतून नापसंती वजा केली तर पहिले उत्तर २० गुणांनी जिंकते, दुसऱ्याला फक्त ८ मिळतात. शंभरातल्या चाळीस जणांना न पटलेले उत्तर सर्वांत वर! बरे, टक्केवारी काढली तर तिसरे उत्तर १०० टक्क्यांनी पहिले येते. एका मताच्या जोरावर. (ते एक मत अनेकदा लिहिणाऱ्याच्या मित्राचे असते, हे आपण सगळेच जाणतो.)

यावरचा उपाय बऱ्याच जुन्या संख्याशास्त्रात सापडला. एडविन विल्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९२७ मध्ये मांडलेले सूत्र असे विचारते : आतापर्यंत एवढीच मते आली आहेत, तर खरी पसंती कमीत कमी किती असेल, असे खात्रीने म्हणता येईल? मते कमी तर खात्री कमी, म्हणून गुणही कमी. ९५ टक्के खात्री धरून आकडे घातले, तर पहिल्या उत्तराला सुमारे ५० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के आणि एकाच मतावर उभ्या असलेल्या तिसऱ्याला जेमतेम २१ टक्के मिळतात. दुसरे उत्तर वर येते. कोणत्याही समंजस माणसाने हाच क्रम लावला असता.

रेडिटने २००९ मध्ये प्रतिसादांसाठी ‘बेस्ट’ नावाने हीच पद्धत आणली. तिची माहिती देणारा लेख लिहिला होता ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेचे निर्माते रँडल मन्रो यांनी. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हे सूत्र आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. ते रोज मोबाइलवर चालते, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

मग प्रश्न सुटला?

नाही. कारण मते स्वतंत्रपणे पडत नाहीत. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांवर चर्चा होणाऱ्या एका संकेतस्थळावरील एक लाखाहून अधिक प्रतिसाद त्यांनी त्यात घेतले. काही प्रतिसादांना, मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक पसंतीचे मत देऊन टाकले. अशा प्रतिसादांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्के जास्त भरले. उलट, मुद्दाम दिलेले नापसंतीचे मत पुढच्या वाचकांनी बऱ्याच अंशी भरून काढले. म्हणजे उगाच खाली पाडलेल्याला लोक सावरतात, पण उगाच वर चढवलेल्याला आणखी वर चढवतात.

त्यात वेळेची भर पडते. पहिल्या दहा मिनिटांत लिहिणाऱ्याला मते गोळा करायला दिवसभर मिळतो. विचार करून, दोन कागद तपासून संध्याकाळी लिहिणाऱ्याचे उत्तर विसाव्या क्रमांकावर जाते आणि तिथे ते वाचायला कोणी उरलेले नसते. म्हणूनच रेडिटवर नव्या प्रतिसादांचे गुण काही काळ लपवण्याची, तसेच क्रम यादृच्छिक ठेवण्याची सोय चर्चाचालकांना दिलेली आहे.

आणि उत्तर जुने झाले तर?

प्रोग्रामिंग करणाऱ्यांचे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ २००८ मध्ये सुरू झाले. प्रश्न विचारणाऱ्याने ‘स्वीकारलेले’ उत्तर तिथे वर्षानुवर्षे सर्वांत वर चिकटवलेले असायचे. पण विचारणाऱ्याचे काम एकदा झाले की तो परत फिरकत नाही, आणि दरम्यान भाषेच्या चार नव्या आवृत्त्या येऊन जातात. अखेर २०२१ मध्ये ते उत्तर वर चिकटवणे बंद झाले. पुढच्या वर्षी नव्या मतांना जास्त वजन देणारा ‘ट्रेंडिंग’ हा क्रम आला.

रेडिटच्या पोस्टसाठीचे, पूर्वी खुले असलेले ‘हॉट’ सूत्रही वेळेला असेच वजन द्यायचे. त्यात पहिल्या १० मतांइतकेच वजन पुढच्या ९० मतांना होते, आणि पोस्ट साडेबारा तासांनी जुनी झाली की नव्याशी बरोबरी करायला तिला दहापट मते लागायची. बातमीसाठी हे ठीक. ‘वारस नोंदीला कोणते कागद लागतात’ या प्रश्नासाठी मात्र ते निरुपयोगी.

मग क्रम असावा कसा?

माझ्या मते एकच क्रम सगळीकडे लावणे हीच मूळ चूक आहे. सल्ला हवा असेल तिथे विल्सनसारखे सूत्र आणि जोडीला उत्तराची तारीख ठळक. मतभेदाचा विषय असेल तर पहिले काही तास क्रम यादृच्छिक, गुण झाकलेले. पूर, अपघात, बेड अशा वेळी फक्त ताजेपणा. लोकप्रियतेला तिथे जागाच नको. कोणता क्रम लावला आहे, हे वाचकाला बटण न शोधता दिसायला हवे. यूट्यूबवर ‘टॉप’ आणि ‘न्यूएस्ट’ असे दोन पर्याय आहेत. कमेंटच्या वर असलेले ते बटण आजच एकदा दाबून पाहा, त्याच व्हिडीओखाली वेगळीच चर्चा दिसेल.

२०२१ च्या त्या दिवसांत स्वयंसेवकांनी हा क्रम हाताने दुरुस्त केला होता. संदेशापुढे ‘व्हेरिफाइड, दुपारी ४.१०’ अशी वेळ लिहिली जाऊ लागली. मी ज्या ग्रुपमध्ये फोन लावायचे काम करत होतो, तिथे आमच्या शीटमध्ये रुग्णालयांची नावे आधी अकारविल्हे होती. तिसऱ्या दिवशी एका मुलीने ‘शेवटचा फोन कधी केला’ असा एक रकाना वाढवला आणि सगळी यादी त्यावर लावली. त्यानंतर रात्री फोन करणाऱ्या नातेवाइकांना आम्ही पहिल्या तीन ओळींतलेच नंबर देत होतो.