दाढी गुळगुळीत झाली म्हणजे चांगली झाली असं नसतंय, मग ओळखायची कशी?

एखाद्याला भर चौकात चांगलं झापलं की आपल्याकडं म्हणतात, "त्याची बिनपाण्यानं केली." काय केली, हे वेगळं सांगावं लागत नाही. कोरड्या गालावर वस्तरा फिरल्यावर काय होतं हे ज्यानं एकदा अनुभवलंय, त्याला या वाक्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. थोडक्यात, दाढीत पाणी किती महत्त्वाचं असतं हे आपल्या भाषेला कधीचंच कळलंय.

पण झालेली दाढी चांगली की वाईट, हे ठरवायची आपली पद्धत मात्र लई ढोबळ आहे. आरशात बघायचं, गालावरून वरून खाली हात फिरवायचा, गुळगुळीत लागलं की "झ्याक झाली". दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुरळ उठली की ब्लेडच्या नावानं बोटं मोडायची. मग कुणीतरी सांगतं, पाच पात्यांचं रेझर घे. ते घेतलं तरी पुरळ तीच.

गडबड कुठं होते? तर आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापानं मोजतो. एक, दाढी किती क्लोज झाली. दुसरी, त्या दाढीचा त्वचेला त्रास किती झाला. या दोन्ही गोष्टी कायम हातात हात घालून चालत नाहीत. उलट बऱ्याचदा एकीपायी दुसरीचा बळी जातो.

सातारा-सांगलीच्या माणसाला हे उसाच्या भाषेत लगेच पटेल. ऊस तोडायला टोळी आली की शेतकरी बांधावरून ओरडत असतो, "जमिनीलगत घ्या, बुडखा ठेवू नका." कारण साखर बुडख्यात जास्त. पण कोयता जमिनीलगत मारणं वेगळं आणि मातीत मारणं वेगळं. मातीत गेला की कोयत्याची धार जाते आणि रान पण उकरलं जातं. गालाचंही तसंच आहे. केस त्वचेलगत कापला की क्लोज दाढी. पातं त्वचेत गेलं की जखम. या दोन्हीमधलं अंतर केसाच्या जाडीइतकं पण नसतं.

आधी क्लोज किती झाली ते बघू

हात वरून खाली फिरवला की जवळपास कुठलीही दाढी गुळगुळीत लागते, कारण गालावरचे केस बहुतेकांचे खालच्या दिशेनं झुकलेले असतात. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवल्यासारखं ते. खरं कळायला उलटा हात फिरवायला पाहिजे, मानेकडून हनुवटीकडं, जबड्याकडून गालाकडं. तेही लगेच नाही. साबणाची बुळबुळ बोटाला फसवते. तोंड धुवायचं, पुसायचं, दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग बघायचं.

बोटावर विश्वास नसेल तर कापसाचा बोळा उलट्या दिशेनं फिरवा. जिथं खुंट राहिलेत तिथं कापसाचे तंतू अडकतात. किंवा एटीएम कार्डाची कड हलकेच उलटी ओढा आणि कान द्या. खुंट असले की खर्रर्र आवाज येतो. जुने कारागीर डोळ्यांपेक्षा कानानंच काम करतात. वस्तऱ्याचा आवाज थांबला की तिथलं काम संपलं.

पण सगळ्यात प्रामाणिक माप म्हणजे घड्याळ. सकाळी सातला दाढी केली, तर हाताला खरखर किती वाजता लागायला लागली? दुपारी दोनला की रात्री नऊला? हे दोन-चार वेळा लिहून ठेवलं तर आपली दाढी खरंच किती क्लोज होते ते कळतं.

इथं एक छोटासा हिशोब करण्यासारखा आहे. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो. समजा तुम्ही उलटा हात मारून आणखी ०.१ मिलिमीटर काढला, तर तुम्ही कमावलं काय? फक्त सहा तास. सातला केलेली दाढी दुपारी दोनऐवजी रात्री आठला खरखरीत होणार, एवढंच. आणि त्या सहा तासांसाठी पातं गालावरून आणखी एकदा फिरवलं, तेही केसांच्या उलट दिशेनं. हा सौदा कधी परवडतो आणि कधी नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. माझ्या मते ऑफिसला जायचं असेल तर परवडत नाही.

आता त्रास किती झाला ते कसं कळणार?

यासाठीचं यंत्र आपल्या प्रत्येक सलूनमध्ये वर्षानुवर्षं पडून आहे, ते म्हणजे तुरटी. दाढी झाल्यावर तुरटी फिरवली की चुरचुरतं. आपण समजतो की तुरटीचा तो स्वभावच आहे. पण चांगल्या झालेल्या दाढीवर तुरटी फार झोंबत नाही, गार लागते आणि त्वचा आवळल्यासारखी वाटते. जिथं पात्यानं त्वचेचा वरचा थर खरवडलाय तिथंच ती कडकडून झोंबते. रक्त आलेलं नसतं, आरशात काही दिसत नसतं, पण तुरटी सांगते. त्यामुळं पुढच्या वेळी "झोंबली" एवढंच म्हणून सोडू नका, कुठं झोंबली ते बघा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, गळ्याची घाटी आणि जबड्याखालचा भाग. तिथं केसांची दिशा भोवऱ्यासारखी फिरते आणि आपण मात्र खालून वर सरळसोट पातं ओढतो.

तुरटी जखमेतली प्रथिनं गोठवते, त्यामुळं बारीक रक्त थांबतं. पण खोल काप गेला असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

त्रासाची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असते. लगेच आलेली लाली तासाभरात गेली तर विषय किरकोळ. पण दोन दिवसांनी टोकदार फोड आले आणि फोडात केस वळलेला दिसला, तर दाढी गरजेपेक्षा जास्त क्लोज झालीये असं समजायचं. केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेला, वाढताना त्याला बाहेरची वाट सापडली नाही आणि तो आतच वळला. कुरळे केस असणाऱ्यांना हा त्रास जास्त.

आणि इथंच जास्त पात्यांच्या रेझरची गोम आहे. जिलेटनं १९७१ मध्ये दोन पात्यांचं रेझर आणलं, त्यामागचा दावा असा होता की पहिलं पातं केसाला किंचित बाहेर ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी दुसरं त्याला कापतं. मग उरलेला खुंट त्वचेच्या आत सरकतो. हाताला मस्त गुळगुळीत लागतं. पण ज्याचे केस वळणारे आहेत, त्याच्यासाठी हीच गोष्ट दुखणं होऊन बसते. अशा माणसाला स्वस्तातलं एकेरी पातं जास्त मानवतं. महाग रेझर वाईट असं नाही, ते ज्याच्या त्याच्या केसांवर आहे.

पण सगळ्यात आधी पाणी बघा

कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात मुरला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणून अंघोळीनंतरची दाढी सोपी जाते. साबणाच्या फेसाची कामं दोन. केसाजवळ पाणी धरून ठेवायचं आणि पात्याला घसरायला वाट द्यायची.

आता सातारा-सांगलीतली गंमत. सातारा शहराला कास तलावाचं पाणी येतं, म्हणजे पठारावर साठलेलं पावसाचं पाणी. सांगलीला कृष्णेचं. दोन्हीकडं फेस बरा होतो. पण त्याच जिल्ह्यांत पूर्वेला जावा, माण, खटाव, आटपाडी, जत. तिथं अनेक घरांत बोअरचं पाणी. कृष्णाकाठच्या क्षारपड रानातल्या विहिरींचीही तीच कथा. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, साबणाशी त्यांची गाठ पडली की फेसाऐवजी पांढरा चिकट साका तयार होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे नियमात बसणाऱ्या पाण्यातसुद्धा तिपटीचा फरक असू शकतो.

घरी मशीन लागत नाही. डाळ लवकर शिजत नसेल, हिटरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल आणि गालावरचा फेस मिनिटाभरात विरत असेल, तर ब्लेडला शिव्या देऊ नका. एक तांब्या साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी फक्त दाढीसाठी वेगळं ठेवा. पुण्याला असताना चांगली होणारी दाढी गावाला आल्यावर का ओढते, याचं उत्तर बऱ्याचदा त्या तांब्यात असतं.

पाण्याइतकंच पात्याचं. आपल्याला वाटतं पोलाद केसापेक्षा कितीतरी कठीण, मग धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ आहे, तरी तो पात्याला तिरका भिडला आणि वाकला की धारेवरच्या कमजोर जागी ताण येतो आणि तिथला कपचा उडतो. म्हणजे धार झिजून बोथट होते त्याआधी तिला दाते पडतात. किती दाढ्यांनंतर ब्लेड बदलायचं, याचा ठरलेला आकडा म्हणून नाही. पातं ओढायला लागलं की त्याचं आयुष्य संपलं. पाच रुपयांच्या ब्लेडसाठी गाल पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

यातला दोष पाण्याचा, ब्लेडचा की हाताचा, हे शोधायचं असेल तर अर्ध्या तोंडाची परीक्षा घ्या. डाव्या गालाला जुनं ब्लेड, उजव्याला नवं. बाकी पाणी, साबण सगळं तेच. पण उजव्या हातानं दाढी करणाऱ्याचा एका गालावर हात जास्त सरळ बसतो, म्हणून पुढच्या वेळी बाजू बदलायची. असं चार वेळा करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्लेड, क्रीम आणि ब्रश तिन्ही एकदम बदलून "आता फरक पडला" म्हणणाऱ्याला कशानं फरक पडला हे कधीच कळत नाही.

रोज दाढी करावीच लागणाऱ्यांना हे गणित जास्त लागू पडतं. सातारा जिल्ह्यात आपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, घरटी सैनिकांची परंपरा असलेलं. ड्युटीवरच्या जवानाला उद्या सकाळी परत त्याच गालावरून पातं फिरवायचं असतं. आज खरवडलेली त्वचा उद्यापर्यंत भरून आलेली नसते. त्यामुळं रोजच्या माणसानं एक सुलटा हात, फार तर एक आडवा, इथं थांबावं. उलटा हात सुट्टीच्या आदल्या दिवसासाठी ठेवावा.

जाता जाता एक गैरसमज. "सारखी दाढी केली की केस जाड येतात." मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच हे तपासून सांगितलं की दाढी केल्यानं केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला राठ लागतं.

सलूनमध्ये काय बघायचं?

सलूनमधली दाढी घरच्यापेक्षा चांगली होते, कारण कारागिराला तुमच्या केसांची दिशा समोरून दिसते आणि दुसऱ्या हातानं तो कातडी ताणून धरतो. पण रक्ताचा विषय आला की सुख म्हणजे नुसतं झोंबणं-न झोंबणं राहत नाही. १९९० च्या दशकात एचआयव्हीची भीती गावोगावी पोचली, तेव्हा दगडावर परजायचा वस्तरा मागं पडला आणि अर्धं ब्लेड मोडून बसवायचा वस्तरा आला. आता नवं ब्लेड समोर फोडतात, ते आपण आवर्जून बघतो. पण मघाशी आलेली तुरटी? ती एकच वडी सकाळपासून सगळ्यांच्या खरवडलेल्या गालांवर फिरत असते. हिपॅटायटिस बी सारखा विषाणू पसरायला बारीक जखम पुरते. तुरटीचं पाणी बाटलीतून फवारायला सांगा किंवा घरची वडी खिशात न्या. कुणी कारागीर त्याचं वाईट वाटून घेत नाही. कोरोनाच्या काळात २८ जून २०२० ला राज्यात सलून उघडली, तेव्हाही केस कापायला परवानगी होती, पण त्वचेशी संबंध येणाऱ्या सेवा, म्हणजे दाढीसुद्धा, बंदच ठेवली होती.

फोडांत पू धरला, लाली पसरत चालली किंवा ताप आला, तर दाढी थांबवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर वाट बघूच नका.

आणि नवरदेवांसाठी एक. लग्नाच्या सकाळी खुर्चीवर बसलात की फेस पुसता पुसता विचारणा होणारच, "पावणं, उलटी मारू का?" उत्तर तिथं बसून शोधू नका. दोन आठवडे आधी त्याच खुर्चीवर, त्याच हाताकडून एकदा उलटी मारून घ्या आणि तीन दिवस मान बघा. फोड आले नाहीत तर लग्नादिवशी बिनधास्त "मार" म्हणा. आले असतील तर सुलटी पुरे. फोटोतले सहा तास तेवढ्यावर आरामात निघतात.