थोड्या दिवसांचं बिऱ्हाड, पुष्कळ गैरसमज

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दोन महिन्यांचे उपचार, अंधेरीत मुलीची इंटर्नशिप, नाहीतर लग्नाला आलेली आठ माणसं. मुंबईत अशा वेळी लॉजपेक्षा फ्लॅट परवडतो. स्वयंपाकघर असल्याने पथ्याचं जेवणही घरीच होतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तर रुग्णाचे नातेवाईकही हाच मार्ग धरतात. पण ‘थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून कागदपत्रांकडे काणाडोळा होतो आणि राहणाऱ्याची बाजू तिथेच लंगडी पडते.

गैरसमज : अकरा महिन्यांच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते.

वस्तुस्थिती : १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणं सक्तीचं आहे. त्यातून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत दोन महिन्यांची का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

खर्चाचा बाऊ करण्याचंही कारण नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. महिना चाळीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल, तर दोन महिन्यांसाठी ते काही शे रुपयांतच बसतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये आहे. सगळं काम ऑनलाइन होतं.

गैरसमज : मुदत संपल्यावर चार दिवस इकडेतिकडे झाले तरी चालतं.

वस्तुस्थिती : उपचार लांबतात, परीक्षेची तारीख पुढे जाते. पण लायसन्सची मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर त्याच कायद्याचं कलम २४ भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यायला लावतं. मुदतवाढीचं बोलणं आधीच करावं आणि तेही कागदावर आणावं.

गैरसमज : दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागणं बेकायदा आहे.

वस्तुस्थिती : ही मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे डिपॉझिट किती, कधी परत आणि कशापोटी कापणार, हे करारातच लिहून घ्यावं.

गैरसमज : सोसायटीची एनओसी नसेल तर फ्लॅट भाड्याने देता येत नाही.

वस्तुस्थिती : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला पूर्वपरवानगी लागत नाही, सोसायटीला आगाऊ कळवून कराराची प्रत द्यावी लागते. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच आकारता येतं आणि ते सभासदाने भरायचं असतं. मात्र रोज नवे पाहुणे उतरवून फ्लॅटचा लॉज केला, तर सोसायटी हरकत घेणारच. पैसे भरण्याआधी ‘सोसायटीला कळवलंय का?’ हे मालकाला विचारावं. नाहीतर सामानासकट गेटवर वॉचमनशी हुज्जत आपल्या वाट्याला येते.

गैरसमज : अविवाहित जोडप्याला फ्लॅट देणं बेकायदा आहे.

वस्तुस्थिती : दोन सज्ञान व्यक्तींनी एकत्र राहण्यास मनाई करणारा कायदा नाही. कोइम्बतूरचं एक सर्व्हिस अपार्टमेंट याच कारणावरून सील झालं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कारवाई चुकीची ठरवली.

गैरसमज : पोलिसांना कळवणं फक्त वर्षभराच्या भाडेकरूंसाठी असतं.

वस्तुस्थिती : भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे आणि मुंबई पोलिसांकडे त्यासाठी ऑनलाइन सोय आहे. पाहुणा परदेशी नागरिक असेल, तर तो आल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मवर कळवावी लागते, मुक्काम एका रात्रीचा असला तरी. अस्खलित मराठी बोलणारा अमेरिकन नागरिकही त्यातून सुटत नाही. ओळखीसाठी आधार द्यायचं असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करता येतं.

गैरसमज : मालक छोटा आहे, म्हणजे जीएसटी लावणं ही लूट.

वस्तुस्थिती : मालकाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असली, तरी ॲपवरून बुकिंग केलेल्या अशा मुक्कामावर कर भरण्याची जबाबदारी ॲप कंपनीवर येते. तो बिलात दिसणं नियमाला धरूनच आहे. उलट ‘ॲप सोडा, थेट जीपे करा, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावं. त्या सवलतीत बुकिंगची पावती आणि तक्रारीची जागा, दोन्ही हातची जातात.