टाके घालून ‘कौमार्य’ परत मिळतं का?

लग्नसराईत मेकअप आणि लेझरच्या जाहिराती स्क्रोल करताना मध्येच एक शब्द दिसतो : हायमेनोप्लास्टी. म्हणजे योनीमुखाजवळच्या पातळ पडद्याला टाके घालणं. हेतू एकच, पहिल्या रात्री रक्त यावं.

याला वैद्यकीय गरज नाही. हा पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, खेळतानाही ताणला जातो. पहिल्या संबंधात कित्येकींना रक्त येतच नाही. टाके घालूनही ते येईलच याची खात्री नाही.

मग हे रक्त हवंय कुणाला?

महाराष्ट्रात याचं उत्तर कंजारभाट समाजातल्या तरुणांनीच उघडपणे दिलं. लग्नाच्या रात्री पांढरी चादर, नंतर पंचांसमोर ‘माल खरा की खोटा’ ही विचारणा. विवेक तमायचीकर आणि सोबत्यांनी याविरुद्ध ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ मोहीम सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत विरोध करणाऱ्या तरुणांना मारहाण झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल, असं जाहीर केलं.

ही प्रथा मढीची नाही. पण पंचांचा धाक काय असतो, हे पाथर्डीकरांना सांगायला नको. मढीच्या कानिफनाथ यात्रेत भटक्या समाजांच्या जातपंचायती वर्षानुवर्षं भरत. दंड भरा, नाहीतर वाळीत. आणि पंच नसलेल्या, शिकल्यासवरल्या घरांत हेच काम सासू किंवा नवरा करतो, फक्त चादर दाखवत नाहीत!

डॉक्टरांपुढचा पेच इथेच आहे. समोरची मुलगी सज्ञान आहे, सही करतेय. पण नकार दिला आणि उद्या तिला मारहाण झाली तर? होकार दिला, तर रक्ताची अट खरी ठरते आणि भीतीवर बिल फाडलं जातं. ब्रिटनने २०२२ मध्ये चाचणी आणि शस्त्रक्रिया दोन्हींवर बंदी घातली. भारतात या शस्त्रक्रियेवर वेगळी बंदी नाही.

मला फक्त शस्त्रक्रियेवरची बंदी अर्धवट वाटते. घाबरलेल्या मुलीचा रस्ता बंद होतो, विचारणारे मोकळेच राहतात. जाहिरातीत ‘कौमार्य परत मिळवा’ म्हणणाऱ्यांना मात्र आजच थांबवता येईल, कारण ते साफ खोटं आहे.

जातपंचायत वाळीत टाकत असेल, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. महिला हेल्पलाइन १८१.