विंडोजची डिस्क लिनक्समध्ये माउंट करताना: आधी वाचा, मग लिहा

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर मामांचा फोन आला. वाळवा तालुक्यात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. "अरे, लॅपटॉप चालूच होईना. निळा स्क्रीन येतोय, परत तिथंच. दुरुस्तीवाला म्हणतोय फॉरमॅट मारावं लागंल. मारू का?"

त्या लॅपटॉपमध्ये सात वर्षांच्या उधारीचा हिशेब होता. कोणी किती पोती खत नेलं, किती पैसे दिले, किती राहिले, सगळं एक्सेलमध्ये. बॅकअप? अर्थातच नव्हता.

"मामा, कोणालाही काहीही करू देऊ नका. मी शनिवारी येतो."

जाताना मी उबंटूचा बूटेबल पेनड्राइव्ह आणि एक रिकामी एक्सटर्नल डिस्क घेतली. विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ फाइल्स गेल्या असा होत नाही. बऱ्याचदा डिस्क धडधाकट असते, फक्त तिच्यावरची विंडोज बिघडलेली असते. अशा वेळी तीच डिस्क लिनक्समधून उघडता येते. पण ती कशी उघडायची आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे आज समजून घेऊया.

माउंट म्हणजे नेमकं काय?

विंडोजमध्ये प्रत्येक पार्टिशनला स्वतःचं अक्षर मिळतं: सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह. लिनक्स, मॅकओएस यांसारख्या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिममध्ये असं नसतं. तिथे सगळ्या फोल्डरचं एकच झाड असतं आणि त्याचं मूळ म्हणजे रूट, जे तिरक्या रेघेने दाखवतात. नवीन डिस्क लावली की ती या झाडाच्या एखाद्या फांदीला, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडायची. या जोडण्यालाच माउंट करणं म्हणतात आणि त्या फोल्डरला माउंट पॉइंट.

आता खरी अडचण. डिस्कवर नुसते बाइट्स असतात. कोणती फाइल कुठे सुरू होते, तिचं नाव काय, मालक कोण, हे लिहून ठेवण्याची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. लिनक्सची नेहमीची पद्धत ईएक्सटी४. विंडोजची एनटीएफएस, जी १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ सोबत आली. दोन्हींची मांडणी पूर्ण वेगळी. त्यामुळे मध्ये एक दुभाषा लागतो, तो म्हणजे फाइल सिस्टिम ड्रायव्हर. तुमचा प्रोग्रॅम फक्त "ही फाइल उघड" एवढंच म्हणतो. कर्नलमधला व्हीएफएस नावाचा थर ती विनंती योग्य ड्रायव्हरकडे पाठवतो. म्हणून डिस्क कुठल्याही पद्धतीची असली तरी कॉपी करण्याची कमांड तीच राहते.

एनटीएफएसचा हा दुभाषा तयार व्हायला बराच काळ गेला, कारण मायक्रोसॉफ्टने तिची पूर्ण रचना कधी खुली केली नव्हती. लिनक्समधला जुना ड्रायव्हर वाचू शकायचा, पण लिहिण्याच्या बाबतीत फारच मर्यादित होता. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी ची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि निर्धास्तपणे लिहिता येऊ लागलं. तो कर्नलच्या बाहेर, फ्यूज नावाच्या यंत्रणेवर चालतो. पुढे २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर लिनक्स ५.१५ मध्ये थेट कर्नलमध्येच आला.

प्रत्यक्ष काय करायचं?

(इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.)

आधी एक खबरदारी. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा ती वारंवार गायब होत असेल, तर बिघाड हार्डवेअरमध्ये आहे. माउंट करायचा प्रयत्नसुद्धा करू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

आवाज वगैरे नसेल तर पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू करा आणि "ट्राय" हा पर्याय निवडा. "इन्स्टॉल" नाही! मग:

१. "एलएसबीएलके -एफ" ही कमांड द्या. सगळी पार्टिशन्स, त्यांचे प्रकार आणि नावं दिसतील. आकार पाहायचा असेल तर "-एफ" न लावता तीच कमांड द्या. मामांच्या लॅपटॉपवर मोठं एनटीएफएस पार्टिशन "एसडीए३" या नावाने दिसलं. तुमच्याकडे नाव वेगळं असू शकतं, त्यामुळे प्रकार आणि आकार पाहूनच ओळखा.

२. त्या पार्टिशनचा प्रकार "बिटलॉकर" दिसत असेल तर डिस्क एनक्रिप्टेड आहे. तिची ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

३. आता "सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीए३ /एमएनटी" ही कमांड. यातलं "आरओ" म्हणजे रीड-ओन्ली. आपण लिनक्सला सांगतोय की ही डिस्क फक्त वाच, तिच्यावर काहीही लिहू नकोस.

४. "एमएनटी" फोल्डर उघडा, फाइल्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झालेल्यातल्या दोन-चार उघडून बघा.

शेवटची गोष्ट विसरू नका. कॉपी झाली आणि फाइल उघडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिनक्स लिहू का देत नाही?

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी "आरओ" लावलंच नव्हतं. फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर डबल क्लिक केलं, फोल्डर दिसले, आणि आत्मविश्वास वाढला. म्हटलं, विंडोजला अडवणारी एक संशयित फाइल आहे, ती उडवून बघू. लगेच मेसेज आला: रीड-ओन्ली फाइल सिस्टिम. वैतागून मी जबरदस्तीने माउंट करण्याचा पर्याय शोधला. कमांड टाइपही केली होती. एंटर दाबायच्या आधी सहज लॉग वाचला. त्यात लिहिलं होतं की पार्टिशन असुरक्षित अवस्थेत आहे, म्हणून फक्त वाचण्यासाठी माउंट केलंय.

ही असुरक्षित अवस्था आली कुठून? विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. आपण "शट डाउन" केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची मेमरीतली स्थिती ती "हायबरफिल" नावाच्या फाइलमध्ये साठवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. त्या स्थितीत डिस्कवर काय कुठे आहे याचं चित्रही असतं. मधल्या काळात लिनक्सने डिस्कवर बदल केले, तर विंडोज उठते ती जुनं चित्र डोक्यात घेऊन, आणि त्यानुसारच पुढे लिहीत सुटते. दुकान अर्धवट बंद करून मालक जेवायला गेला आणि मागे कोणी सगळा माल हलवला, तसाच प्रकार. फाइल्स गायब होतात, फोल्डर तुटतात.

दुसरं कारण म्हणजे डर्टी फ्लॅग. पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला तर "काम अर्धवट राहिलंय" अशी खूण डिस्कवर राहून जाते. मामांनी ते किती वेळा केलं होतं, विचारू नका.

म्हणजे लिनक्सने मला अडवलं, तेच बरं केलं. जबरदस्ती करणारे पर्याय आहेत. एक तर ती हायबरफिल फाइलच उडवतो, म्हणजे त्यात साठवलेलं विंडोजचं सत्र कायमचं जातं. "एनटीएफएसफिक्स" नावाचं टूलही आहे, पण ते किरकोळ दुरुस्त्या करतं आणि डर्टी फ्लॅग पुसू शकतं. खरी तपासणी विंडोजच्या "चेकडिस्क"नेच होते. हे सगळं करायचं तर बॅकअप हातात आल्यावर.

विंडोज चालू होत असेल तर उपाय अगदी सोपा आहे. "शट डाउन"ऐवजी "रीस्टार्ट" करा. नावं ऐकून उलटं वाटेल, पण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होते. ड्युअल बूट वापरत असाल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी /एच ऑफ" देऊन फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा.

आणखी काही गोष्टी

*परवानग्या:* विंडोज आणि लिनक्स फाइलचा मालक वेगवेगळ्या पद्धतीने नोंदवतात. त्यामुळे माउंट केलेल्या एनटीएफएस डिस्कवरच्या सगळ्या फाइल्स साधारणपणे एकाच मालकाच्या दिसतात. तो मालक कोण असावा हे माउंट करताना "यूआयडी" आणि "जीआयडी" हे पर्याय देऊन ठरवता येतं.

*नावं:* एनटीएफएस फाइलची नावं युनिकोडमध्ये ठेवते, म्हणून "उधारी खरीप" हे नाव आता जसंच्या तसं दिसतं. पूर्वी माउंट करताना यूटीएफ-८ सांगितलं नाही तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसायची. उलट बाजूने एक काळजी घ्या. कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेलं नाव लिनक्सला चालतं, विंडोजला नाही.

*काढताना:* लिनक्स लिहायची कामं मेमरीत साठवून नंतर डिस्कवर उतरवतं. त्यामुळे कॉपी पूर्ण झाली असं दिसलं तरी वायर उपटू नका. "सुडो यूमाउंट /एमएनटी" द्या. "टार्गेट इज बिझी" आलं तर त्या फोल्डरमध्ये एखादी फाइल किंवा टर्मिनल उघडं आहे, ते बंद करा.

*उलटा प्रवास:* लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोजला लावली तर ती ओळखू येत नाही आणि विंडोज विचारते, फॉरमॅट करायचं का? "कॅन्सल" दाबा! मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. तिन्हीकडे फिरणाऱ्या डिस्कसाठी एक्सफॅट बरी. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिची रचना जाहीर केली आणि आता लिनक्स कर्नलमध्येच तिचा ड्रायव्हर असतो. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, एक्सफॅटमध्ये ती अडचण नाही. मात्र एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, त्यामुळे इजेक्ट न करता काढायची सवय तिथे महागात पडते.

मामांच्या उधारीचं काय झालं?

ती कमांड मी पुसली. डिस्क अनमाउंट करून "आरओ" लावून पुन्हा माउंट केली आणि सगळं एक्सटर्नल डिस्कवर घेतलं. तासाभराने एक्सेल फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा मामांनी स्क्रीनवर बोट ठेवून शेवटची नोंद मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "आता मार फॉरमॅट."

बॅकअप हातात होता, म्हणून मारला.