भाजलेल्या रुग्णांमधील जंतुसंसर्ग : प्रतिबंध आणि उपचार

प्रस्तावना :
त्वचा ही जंतूंविरुद्ध शरीराची पहिली तटबंदी होय. भाजल्यामुळे ती ढासळते. गंभीररीत्या भाजलेला रुग्ण पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आघातातून वाचला, तरी पुढे त्याच्या जिवावर बेतते ते प्रामुख्याने जंतुसंसर्गामुळे. 'प्रभावी प्रतिजैविके सुरुवातीपासून दिली की संसर्ग टळतो', हा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. तो अपुरा का आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संसर्गाची कारणमीमांसा :
खोल भाजल्यास जखमेवर मृत त्वचेचा थर राहतो. त्यातील रक्तवाहिन्या बंद झालेल्या असल्याने शिरेवाटे दिलेले औषध व रक्तातील संरक्षक पेशी तेथे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. जंतूंना मात्र ही ओलसर, प्रथिनयुक्त मृत ऊती उत्तम खाद्य ठरते. प्रारंभी केसांच्या मुळांशी व घर्मग्रंथींत उरलेले स्टॅफिलोकोकस जंतू वाढतात. पुढे रुग्णाच्या आतड्यातून, इतरांच्या हातांवरून किंवा पाण्यातून आलेले स्यूडोमोनाससारखे जंतू तेथे वसाहत करतात. संसर्ग नसताना दिलेल्या प्रतिजैविकांमुळे औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात. म्हणूनच दाहोपचारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी औषधे केवळ प्रतिबंधासाठी देणे टाळावे, असे सुचविले आहे.

प्रतिबंधात्मक उपाय :
भाजताच त्या भागावर सुमारे २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, शाई वा टूथपेस्ट लावू नये. रुग्णालयात हातांची स्वच्छता, विलगीकरण, धनुर्वातप्रतिबंधक लस आणि प्रथिनयुक्त आहार यांना पर्याय नाही.

उपचार :
औषध रक्तातून पोहोचत नसेल, तर ते जखमेवरच लावावे, या विचारातून चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये सिल्व्हर सल्फाडायझिन प्रचारात आणले. तथापि, मूळ कारण असलेली मृत त्वचा त्यानेही दूर होत नाही. ती पहिल्या काही दिवसांतच तासून काढून त्वचारोपण करण्याची पद्धत स्लोव्हेनियातील शल्यविशारद झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये मांडली. ज्वर, रक्तदाब घटणे, जखमेचा रंग पालटणे अशी लक्षणे दिसल्यास जंतुपरीक्षण करून नेमके प्रतिजैविक द्यावे लागते; येथे त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

शरीराचा मोठा भाग भाजला असल्यास रोपणासाठी रुग्णाची स्वतःची त्वचा अपुरी पडते. अशा वेळी मरणोत्तर दान केलेली त्वचा तात्पुरते आच्छादन म्हणून जीवरक्षक ठरते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत त्वचादान करता येते व त्यासाठी रक्तगट जुळण्याची आवश्यकता नसते.

समारोप :
सारांश, भाजलेल्या रुग्णाला संसर्गापासून वाचविणे म्हणजे त्याची जखम लवकरात लवकर स्वच्छ करून झाकणे होय. प्रतिजैविके या कार्यात साहाय्यक आहेत, पर्याय नव्हेत. नेत्रदानाइतका त्वचादानाचा विचार आपल्या समाजात अद्याप रुजलेला नाही. राष्ट्रीय सेवा योजनेसारख्या उपक्रमांतून तो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे.