चहा पिणाऱ्यांची यादी

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. व्याख्यान झालं, आणि मग मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला पेला नुसता हाती धरला आणि खाली ठेवला. महादेव गोविंद रानडे त्यांत होते, बाळ गंगाधर टिळकही होते. त्या वर्षी संमतिवयाच्या प्रश्नावर ही दोन नावं एकमेकांसमोर उभी ठाकत होती. चहाच्या टेबलाशी मात्र दोघं एकाच बाजूला सापडले.

हा घाट घातला होता गोपाळराव जोशी यांनी. डॉ. आनंदीबाई जोशींचे हे यजमान म्हणजे अजब रसायन. बायकोला शिकवण्यापायी त्यांनी जगाशी वैर घेतलं, आणि सुधारकांच्या बोलण्याची त्यांच्या वागण्याशी गाठ घालून गंमत पाहायचीही त्यांना तेवढीच हौस. थोड्याच दिवसांत ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्रात हजर असलेल्यांची नावनिशीवार यादी छापून आली. कोण प्यायलं आणि कोणी नुसता पेला धरला, हा भेद यादीने ठेवला नाही. परक्याच्या हातचं खाणारे लोक पुण्यात तेव्हा काही कमी नव्हते, आणि ते कोण हे सगळ्यांना ठाऊकही होतं. पण छापून आल्यावर ‘आम्हांला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरली नाही. खरी पंचाईत इथे झाली.

तक्रार शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेली. चौकशीसाठी शास्त्रीमंडळी पुण्यात आली, साक्षी-पुरावे झाले, वकिली युक्तिवाद झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं आणि धर्मशास्त्राच्याच आधाराने बाजू मांडली. चहाबद्दल शास्त्रात सांगितलंय ते किरकोळ प्रायश्चित्त, एवढंच त्यांचं म्हणणं. तरीही ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, सुटलं नाही. घरच्या मुंजी-लग्नांना भटजी मिळेना.

ग्रामण्य घरात कसं शिरतं, ते बघण्यासारखं आहे. कर्त्या पुरुषाला कचेरीत, वर्तमानपत्रात, सभेत फारसा फरक जाणवत नसे. इंग्रज साहेबाला पंचगव्याशी काय देणंघेणं? झळ लागे ती माजघराला. श्राद्धाला ब्राह्मण येत नाही. स्वयंपाकी आणि पाणक्या काम सोडून जातात. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबतं. सासरी असलेली लेक माहेरी येऊ शकत नाही, कारण ती आली तर तिच्या सासरचेही अडकतात. उपवर मुलीच्या बापाला तर कोणी काही बोलावंच लागत नाही. स्थळं आपोआप थांबतात. सुधारक स्वतः कितीही खंबीर असो, आईच्या डोळ्यांतलं पाणी आणि धाकट्या भावाचं अडलेलं लग्न यांपुढे त्याचं चालत नसे.

रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून, त्यांना एकट्याने मान खाली घालावी लागू नये म्हणून तेही बरोबर बसले. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. लोकांनी रानड्यांना भित्रं ठरवलं, आजही ठरवतात. मला तसं वाटत नाही. मात्र त्या प्रायश्चित्ताने सुधारणेचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दोन वर्षांच्या बहिष्काराने केलं नव्हतं, हेही खरं. बाहेर टाकलेला माणूस निदान ताठ उभा तरी असतो. दंड भरून, पंचगव्य घेऊन परत आलेला माणूस नियम बरोबर होता याची साक्ष देतो, आणि पुढच्याला सांगायला दाखला तयार होतो: ‘एवढे मोठे रावसाहेबसुद्धा...’

यादीची ही भीती पुण्याच्याही आधीची आहे. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर आदींनी परमहंस मंडळी स्थापन केली. जातिभेद मानायचा नाही, हा तिचा बाणा. बैठकीत यायचं तर परजातीच्या हातचं पाणी प्यायचं आणि पाव खायचा. पण हे सारं गुपचूप. बाहेर पडलं की जो तो आपापल्या जातीत, आपापल्या जानव्यासकट. १८६० साली सभासदांची नावं असलेलं दप्तर चोरीला गेलं, नावं उघड होण्याचा धोका उभा राहिला आणि मंडळी मोडली. ज्यांचा जातीवर विश्वास उरला नव्हता, ते जातीच्या भीतीने विखुरले. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला तेव्हा उघड्यावर काम करायचं, पण बेताने, असं धोरण ठरलं. बेत कसला, तर जात सोडण्याची सक्ती कोणावर करायची नाही. पाहा, यादीच्या एका भीतीने सुधारणेची चालसुद्धा ठरवून टाकली.

बहिष्कारामागची श्रद्धा संसर्गाची आहे. पतिताशी वर्षभर व्यवहार ठेवणारा स्वतः पतित होतो, असं मनुस्मृती सांगते. म्हणजे शिक्षा अमलात आणायला शिपाई नको, तुरुंग नको. प्रत्येक शेजारी आपल्यापुरता घाबरला की काम भागतं. ब्राह्मणांत शंकराचार्यांचं पीठ होतं, इतर जातींत जातपंचायती होत्या. तऱ्हा तीच: हुक्कापाणी बंद, रोटी-बेटी बंद, मयताला खांदा नाही. परत यायचं तर दंड आणि जातीला जेवण.

बहिष्कृत टिकतो की मोडतो, हे त्याच्या धैर्यापेक्षाही त्याची चूल कोणाच्या भरवशावर पेटते यावर ठरतं. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यानंतर ते दापोली तालुक्यातल्या मुरुडला, स्वतःच्या गावी गेले तेव्हा गावाने सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. जे घर त्यांना थारा देईल, त्या घरालाही तीच शिक्षा. कर्वे मुरुडातच भिक्षुकी किंवा शेती करत असते तर? पण त्यांचा पगार फर्ग्युसन कॉलेजातून येत होता. ते पुण्याला परतले आणि १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. गावातच राहिलेल्या आईला आणि भावाला मात्र असा पुण्याचा रस्ता नव्हता.

आजही कोकणातल्या एखाद्या वाडीत ‘गावकी’ने कुणाला वाळीत टाकलं की हाच हिशोब लागतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. वाडीतल्या त्याच्या बापाचं दळण गिरणीवाला घेत नाही, दुकानदार मीठ देत नाही, आणि शिमग्यात देवाची पालखी त्याचं अंगण वगळून पुढे जाते. शेवटचा घाव सगळ्यांत खोल, कारण तिथे गावाबरोबर देवही रुसला असं म्हाताऱ्याला वाटतं.

कायद्याने यात हात घालायला वेळ लावला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द ठरवला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०२३ मध्ये तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये, नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीतल्या अखेरच्या महिन्यांत, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) ‘जातपंचायतीला मूठमाती’ ही मोहीम उघडली. तिच्या रेट्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराचा ठराव करायला बैठकीला बसणं, त्या बाजूने मत देणं हाही गुन्हा. मात्र ‘आम्ही कुठे वाळीत टाकलंय, आमचं येणंजाणं नाही इतकंच’ म्हणणाऱ्या गावापुढे पोलिसांना पुरावा गोळा करणं जड जातं, आणि पुष्कळ तक्रारी पुढे आपसांत मिटवल्या जातात.

तुमच्या गावात, वाडीत, समाजात कोणी असं एकटं पडलं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरचं कोणीही पोलिसांकडे जाऊ शकतं. पोलीस टाळाटाळ करत असतील तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. आणि तक्रार करायची नसेल, तरी त्यांच्या घरी फराळाला जायला कुठलाच कायदा लागत नाही.